साहेब न आलेल्या देशातली शेजारीण

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला सांगलीत पहिला प्रश्न ठरलेला असतो: नायगारा पाहिला का? मी नाही पाहिला. मशाल घेतलेली ती बाईही नाही पाहिली आणि व्हाइट हाउसही नाही. टेक्सासमधल्या अर्विंग नावाच्या गावात लेकीच्या दोन खोल्यांत पाच महिने राहिले आणि इथिओपिया बघून आले. असं सांगितलं की समोरचा माणूस जरा काळजीने बघतो. बाईंची झोप अजून जागेवर आलेली नाही, असं त्याला वाटत असावं.

गेले होते गौरीच्या बाळंतपणाला. आमचे हे घरीच राहिले. इतके तास पाय मुडपून बसणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. जावई निखिल मूळचा नागपूरचा, स्वभावाने सोन्यासारखा, पण सोमवारी सकाळी विमानाने परगावच्या क्लायंटकडे जाणार आणि गुरुवारी उशिरा उगवणार. म्हणजे आठवड्यातले चार दिवस आम्ही दोघी आणि पोटातलं तिसरं.

अर्विंगबद्दल काय सांगू? कढीपत्ता, गवार, थालीपिठाची भाजणी, गोठवलेल्या पुरणपोळ्या, सगळं मिळतं. दुकानात तेलुगू जास्त ऐकू येते, त्याखालोखाल हिंदी, मग मराठी, आणि इंग्रजी फक्त पैसे देताना. रस्ते असे की जेवण वाढावं, पण त्यावर माणूस दिसेल तर शपथ. पायी चालणारा दिसलाच तर तो एकतर कुत्र्याचा मालक असतो, नाहीतर कोणाचे तरी आईवडील. आम्ही आईवडील मंडळी एकमेकांना लांबूनच ओळखायचो. साडीवर बूट, डोक्याला मफलर, आणि चेहऱ्यावर ‘घरी कोणी नाही’ असा भाव.

गौरीच्या मैत्रिणी लाघवी. डोहाळजेवण त्यांनीच केलं, फुलांची वाडी भरली, केकही कापला. जाताना प्रत्येकीने सांगितलं, ‘‘काकू, काही लागलं ना, तर जस्ट मेसेज करा हं.’’ त्या खोटं बोलत नव्हत्या. पण सगळ्या नोकरीत अडकलेल्या. त्यांच्याकडेही आज हिची आई, उद्या तिची सासू, अशा व्हिसाच्या पाळ्या लागलेल्या.

‘‘माझी लीव्ह संपेपर्यंत तू असशील,’’ गौरीने पहिल्याच आठवड्यात मला हिशेब समजावला. ‘‘नंतर आल्माझ आंटी बाळाला दिवसभर बघणार आहेत. समोरच राहतात. इथिओपियन आहेत, खूप स्वीट. डे-केअरची वेटिंग लिस्ट एवढी मोठी आहे ना, की त्या नसत्या तर मला जॉब सोडावा लागला असता.’’

तेव्हा ऐकून घेतलं. परक्या देशातली परकी बाई माझं नातवंड बघणार, हे काही माझ्या पचनी पडलं नाही.

भोंगा

एप्रिलातला पहिला बुधवार. गौरी ऑफिसला गेलेली. कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि बाहेर भोंगा सुरू झाला. साधासुधा नाही, युद्धाच्या सिनेमात वाजतो तसला. टेक्सासमध्ये चक्रीवादळं येतात, घरंच्या घरं उचलून नेतात, एवढं मला सांगून ठेवलेलं होतं. मी गॅस बंद केला, पासपोर्ट घेतला, देव्हाऱ्यातला गणपती उचलला आणि अनवाणी बाहेर पळाले.

समोरच्या दारात एक उंच, सावळी, माझ्याच वयाची बाई उभी होती. अंगावर पांढरी सुती ओढणी, काठाला रंगीत वेलबुट्टी. माझ्याकडे आणि गणपतीकडे बघून तिने आधी मान लववली आणि मग पोट धरून हसायला लागली.

‘‘टेस्ट,’’ ती म्हणाली. ‘‘ओन्ली टेस्ट. एव्हरी मंथ.’’

दर महिन्याला भोंगा वाजवून बघतात म्हणे! आमच्याकडे नळाला पाणी येतं का ते बघतात, तसंच. तिने हाताला धरून मला आत नेलं. हीच आल्माझ. खोलीत मसाल्याचा असा वास की क्षणभर वाटलं, कोणीतरी कांदा-लसूण मसाला कुटतंय. त्यांच्या तिखटाचं नाव बेरबेरे, पण जात तीच.

तिचा त्या दिवशी उपास होता. त्यांच्या पंथात बुधवारी आणि शुक्रवारी मांस नाही, दूध नाही. मग उपासाला काय? तर चक्क पिठलं! ते त्याला शिरो म्हणतात आणि भली मोठी जाळीदार आंबोळी पसरून तिच्यावरच ओततात. मी म्हटलं, या बाईने कधी साबुदाणा पाहिलेला नाही आणि तिचं काही अडलेलंही नाही. आंबोळीला आमच्यापेक्षा आंबट चव, तिचं नाव इंजेरा. ताट एकच, दोघींनी त्यातच खायचं. उष्टं-खरकटं पाळणाऱ्या घरात वाढलेली मी, जरा काठाकाठाने खात होते. तर तिने एक घास गुंडाळला आणि सरळ माझ्या तोंडात भरवला. पाहुण्याला घास भरवणं हा त्यांच्याकडचा मान. लग्नात ह्यांनी भरवला होता, त्यानंतर कोणी भरवल्याचं आठवत नाही. घास गिळला आणि मला ती बाई आवडली, अगदी एकदम आवडली.

पहिला कप

शनिवारी तिने कॉफीला बोलावलं. त्यांची कॉफी म्हणजे सोहळा. हिरव्या बिया समोर भाजतात, धूर पाहुण्याच्या नाकापर्यंत आणतात, मग कुटून मातीच्या लांब मानेच्या भांड्यात उकळतात. दूध नाही. सोबत मक्याच्या लाह्या. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून दुसरा कप, पुन्हा घालून तिसरा. तिसरा आशीर्वादाचा.

तिचे पती तेस्फाये तिथेच होते. बारीक अंगाचे, मिस्कील. तरुणपणी इथिओपियात रस्त्यांच्या खात्यात अभियंता होते. पुढे लष्कराच्या राजवटीत दोघं देश सोडून निघाले आणि पुढची नोकरी टेक्सासमधले रस्ते बांधण्यात गेली. मी शिक्षिका आहे कळल्यावर ते उठून उभेच राहिले.

‘‘माझे गणिताचे मास्तर इंडियन होते,’’ ते म्हणाले. ‘‘सम्राटांच्या काळी आमच्या शाळाशाळांतून इंडियन मास्तर असायचे. फार मारायचे.’’

‘‘मग शिकवतही चांगलं असतील,’’ मी म्हणाले.

भिंतीवर एक रंगीत चित्र होतं. लढाई, भाले, ढाली, वरती आकाशात पांढऱ्या घोड्यावरचा संत. तेस्फायेंनी अभिमानाने सांगितलं, की ही अडवाची लढाई, इथे आम्ही इटालियनांना हरवलं. सगळी आफ्रिका गोऱ्यांनी वाटून घेतली, पण आम्ही कोणाच्या वाट्याला गेलो नाही. पुढे इटालियन पुन्हा आले, पाच वर्षं बसले, त्यांनाही घालवलं.

आता माझं काय आहे, की मी कनिष्ठ महाविद्यालयात जन्मभर इतिहास शिकवला. भारत गरीब का झाला, याचं उत्तर मला झोपेतून उठवलं तरी येतं: कापूस नेला, कापड आणलं, सारा वाढवला, साहेब श्रीमंत झाला. परीक्षेत गुणही पूर्ण मिळतात. आणि इथे समोर साहेबच न आलेला देश बसला होता. मला राहवेना. वर्गात मागच्या बाकावरच्याला विचारावं तसं मी विचारलं, ‘‘तुमच्यावर तर कोणी राज्य केलं नाही. मग तुम्ही गरीब का राहिलात?’’

आल्माझचा हात भांड्यावर थबकला. तेस्फाये मात्र हसले.

‘‘डोंगर,’’ ते म्हणाले. ‘‘आमचा देश म्हणजे डोंगर आणि दऱ्या. समोरचं गाव दिसतं, हाक मारली तर ऐकू जाते, पण पोचायला दिवस जातात. इटालियन तोफा चढवता चढवता दमले, ते याच डोंगरांनी. पण आमचं धान्यही त्याच वाटेने उतरणार ना? मी खात्यात होतो तेव्हा पाहिलंय. एका खोऱ्यात पीक उदंड, पलीकडच्या खोऱ्यात माणसं उपाशी, आणि मध्ये एक गाढव. शत्रू येऊ नये म्हणून जी वाट नव्हती, तीच व्यापाऱ्यालाही नव्हती.’’

मला आमचा सह्याद्री आठवला. त्याचे गड मी किती अभिमानाने शिकवले. त्या गडाखालच्या माणसाने मीठ कुठून आणलं, हे काही शिकवल्याचं आठवेना.

‘‘डोंगर,’’ आल्माझ नवऱ्याकडे बघून इंग्रजीत म्हणाली, म्हणजे मला कळावं म्हणून. ‘‘सगळं डोंगरावर ढकल. डोंगराने कधी कोणाच्या घरातून धान्य उचलून नेलं नाही.’’ आणि भांड्यात दुसरं पाणी घालून ती माझ्याकडे वळली. ‘‘मी सांगते.’’

तेवढ्यात माझा फोन वाजला. गौरी. ‘‘आई, पाठीत कळ येतेय गं. लवकर ये ना, प्लीज.’’

निखिल भाजी आणायला गेला होता. मी तिला ‘आले’ म्हटलं, चपला शोधल्या आणि दारातून आल्माझला सांगितलं, ‘‘ओके, आय ॲम कमिंग.’’

‘‘कम, कम,’’ ती म्हणाली.

कळ आदल्या दिवशीच्या छोल्यांची निघाली. ओवा दिला, पाठ चोळली, तिच्याशेजारी आडवी झाले आणि मलाच झोप लागली.

बंद दार

दुसऱ्या दिवशी आल्माझ लिफ्टमध्ये भेटली. ‘गुड मॉर्निंग’ म्हणाली, पण लिफ्टच्या बटणांना. सोमवारी खीर घेऊन गेले तर तेस्फायेंनी दारातच वाटी घेतली. ‘‘ती पडलीय जरा,’’ म्हणाले. बुधवारी पुन्हा गेले. आत टीव्हीचा आवाज येत होता, दार उघडलं नाही.

गौरीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. ‘‘आई, तू त्यांना काय बोललीस?’’

मी सांगितलं.

‘‘तू त्यांना डायरेक्ट गरीब म्हणालीस? सीरियसली?’’

‘‘त्यांना नाही. देशाला.’’

‘‘यार आई, देश काय वेगळा असतो का?’’ ती खुर्चीत बसली. ‘‘आता त्यांनी बाळाला नाही सांभाळलं तर? तू ऑगस्टमध्ये जाणार. निखिल सोमवार ते गुरुवार नसतो. मी कोणाला बोलवू? ठीक आहे, मी मॅनेज करेन.’’

आणि रडायला लागली. ‘मॅनेज करेन’ हे वाक्य ती लहानपणापासून रडण्याच्या आधी म्हणते. मी तिच्या केसांतून हात फिरवत होते आणि मनात स्वतःच्या जिभेला शिव्या घालत होते. मी गेल्यावर या पोरीला हाकेच्या अंतरावर एकच माणूस होतं, आणि ते मी घालवलं होतं.

फोर्ट वर्थची गुरं

मन रमावं म्हणून निखिलने शनिवारी आम्हाला फोर्ट वर्थला नेलं. तिथे रोज रस्त्यावरून गुरं चालवत नेतात आणि लोक दुतर्फा उभे राहून बघतात. गुरं! आमच्याकडे ती रस्त्यात बसली की लोक हॉर्न वाजवतात. ही मात्र बघण्यासारखी खरी. एकेकाची शिंगं इतकी लांब की आमच्या बेंदराच्या बैलांनी शिंगांवरच्या पितळी शेंब्या उतरवून ठेवाव्यात. टोप्या घातलेले घोडेस्वार त्यांना इतक्या निवांत हाकत होते की गुरांनाही हे नाटक पाठ असावं.

जेवायला मी घेवड्याची उसळ मागवली. अर्धी संपल्यावर निखिलने वाटीत डोकावून पाहिलं आणि दबकत म्हणाला, ‘‘आई, यात बेकन आहे वाटतं.’’ जे गेलं ते गेलं. उरलेली मी त्याच्याकडे सरकवली आणि पाव खाल्ला. चव बरी होती, हे इथे लिहिते, ह्यांनी वाचलं तर वाचलं.

परतताना रस्त्यावर रस्ता, त्यावर तिसरा, त्यावरही चौथा असे पूल. खाली मैलोगणती सपाट जमीन. तेस्फायेंनी यातले कितीतरी रस्ते बांधले असतील. त्या पुलांवर मी ठरवलं की दार उघडलं नाही तर उघडेपर्यंत वाजवायचं आणि माफी मागायची.

दुसरा आणि तिसरा

रविवारी ती चर्चमधून परतल्याचा सुमार साधून मी गेले. हातात आंबोळ्या, सोबत नारळाची चटणी. दार आल्माझनेच उघडलं.

‘‘त्या दिवशीचा माझा प्रश्न फार उद्धट होता,’’ मी पाठ करून आणलेलं वाक्य म्हणून टाकलं. ‘‘मला माफ करा.’’

‘‘प्रश्न?’’ ती म्हणाली. ‘‘तो तर आम्हाला सगळेच विचारतात. आमची मुलंही विचारतात. प्रश्नाचं काय? तू म्हणालीस, आय ॲम कमिंग.’’

‘‘हो.’’

‘‘मग आलीस कुठे? मी दुसरं पाणी उकळून ठेवलं. निवलं, पुन्हा उकळलं. संध्याकाळपर्यंत तशीच बसले. तेस्फाये म्हणाला येणार नाही, मी म्हटलं ती टीचर आहे, म्हणाली म्हणजे येणार. शेवटी तिसरं पाणी ओतून दिलं. आमच्याकडे ते कोणी ओतून देत नाही.’’ ती दारातून बाजूला झाली नाही. ‘‘प्रश्न विचारलास आणि उत्तर न ऐकता गेलीस, वर येते म्हणून फसवलंस.’’

मी तिला म्हटलं, ‘‘अगं बाई, आमच्याकडे निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘जाते’ अशुभ. घरातून निघणारा प्रत्येक माणूस ‘येते’ म्हणूनच निघतो. मी मराठीतलं तुला इंग्रजीत सांगितलं.’’ मनातल्या मनात मी तिला इतके दिवस ‘तुम्ही’ म्हणत होते. इंग्रजीत ते कोणाला कळत नाही, पण त्या क्षणी ती माझी ‘तू’ झाली.

आतून तेस्फाये बाहेर आले होते. त्यांनी हे नीट ऐकून घेतलं आणि रस्त्यांच्या खात्यातल्या माणसाची शंका काढली. ‘‘मग ज्याला खरंच परत यायचं असतं, तो काय म्हणतो?’’

‘‘तोही ‘येतो’च म्हणतो.’’

‘‘मग कळतं कसं?’’

‘‘आला की कळतं.’’

आधी तेस्फाये हसले, मग आल्माझ हसली, आणि एकदा हसायला लागली ती थांबेना. ओढणीने डोळे पुसत तिने मला आत ओढलं. तिने बिया भाजायला घेतल्या, पहिला कप आंबोळ्यांबरोबर झाला, आणि दुसरं पाणी चढवल्यावर ती बोलायला लागली.

‘‘माझे आजोबा दुसऱ्याची जमीन कसायचे,’’ ती म्हणाली. ‘‘पिकातला मोठा वाटा मालकाचा. वर त्याच्या घरी सणासुदीला मध न्यायचा, लाकडं न्यायची. विहीर खणली, झाडं लावली, तर मालक म्हणणार, जमीन सुधारली, आता दुसऱ्याला देतो. मग कोण खणेल विहीर? अडवाच्या लढाईत आजोबांचे वडील भाला घेऊन गेले होते. जिंकून परत आले आणि त्याच मालकाच्या शेतात राबले.’’

तेस्फायेंनी लाह्यांची वाटी माझ्याकडे सरकवली.

‘‘मग लष्कर आलं. म्हणाले, मालक गेला, जमीन सगळ्यांची. आम्ही नाचलो, खरंच नाचलो. पण सगळ्यांची म्हणजे सरकारची. धान्याचा भाव सरकार ठरवणार, पोरं लढाईला सरकार नेणार. माझा धाकटा भाऊ कॉलेजात होता. एका सकाळी घेऊन गेले. तो ‘येतो’ म्हणाला नाही, काहीच म्हणाला नाही.’’ तिने भांड्याखालची आच कमी केली. ‘‘पाऊस गेला, दुष्काळ पडला, माणसं रस्त्याकडेला मेली. तेव्हा राजधानीत लष्कराच्या राजवटीच्या वर्धापनदिनाचा उत्सव चालला होता. कोणी राज्य केलं नाही, असं तू म्हणालीस. केलं. आमच्याच माणसांनी केलं. बाहेरच्या राजाला घालवायला सगळा देश उठला. घरच्याला कोण घालवणार?’’

‘‘आता सुधारतंय,’’ तेस्फाये म्हणाले. ‘‘धरण झालं, राजधानीत उंच इमारती आहेत, रेल्वे आहे. मध्येच पुन्हा उत्तरेत लढाई झाली. चार पावलं पुढे जातो आणि घरातच भांडतो.’’

‘‘तुमचं बरं आहे,’’ आल्माझ मला म्हणाली. ‘‘शिव्या द्यायला तुम्हाला इंग्रज तरी आहेत.’’

साहेबाने नेलं हे खरंच आहे, त्यातला एक शब्द मी मागे घेणार नाही. पण आमच्याकडच्या विहिरी का नाही खणल्या गेल्या, हे मी कधी कोणत्या वर्गाला विचारलं नव्हतं. ते मी तिला तसंच सांगितलं. ती म्हणाली, ‘‘विचार आता.’’ मी म्हटलं, निवृत्त झाले. तर म्हणाली, ‘‘मग मला विचार.’’ तिसरा कप अगदी पातळ होता, जवळजवळ पाणीच. तो मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.

निघताना मी मोठ्याने म्हणाले, ‘‘आय ॲम गोइंग.’’ म्हणताना जीभ जडच झाली.

नात

मे महिन्यात नात झाली. हॉस्पिटलात बाळंतिणीला बर्फ घातलेलं पाणी देतात, ते बघून माझ्याच अंगावर काटा आला. घरी आलो त्या दिवशी आल्माझ वाफाळती परात घेऊन आली. घट्ट उकड, मध्ये खळगा, खळग्यात तिखट घातलेलं लोणी. त्यांच्याकडचं बाळंतिणीचं खाणं. मी डिंकाचे लाडू पुढे केले. दोघींचं एकमत झालं की अमेरिकनांना बाळंतपणातलं काही कळत नाही.

गौरीने उकडीचा पहिला घास घेतला आणि तिखटाने डोळ्यांत पाणी आलं तरी परात संपवली. आल्माझ शेजारी बसून बाळाला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगत होती. बाळाला आंघोळ तिने घालावी की मी, यावरून आमची दोनदा जुंपली. जिंकलो दोघी, आळीपाळीने.

ऑगस्टात विमानतळावर निघताना गौरी धीराने हसत होती. मीही तसंच केलं.

आता इथून रोज संध्याकाळी फोन करते, तेव्हा तिकडे सकाळ असते. गौरीच्या ऑफिसचा पहिला आठवडा होता तेव्हाची गोष्ट. फोन लावला तर पडद्यावर आल्माझ, खांद्यावर बाळ.

‘‘गौरी कुठे आहे?’’ मी घाबरून विचारलं. ‘‘ऑफिसला नाही गेली?’’

‘‘झोपलीय. माझ्या खोलीत. रात्रभर ही बया रडत होती. ऑफिसला मीच कळवायला लावलं, दुपारी जाईल.’’

‘‘जरा उठव. दोनच मिनिटं बोलते.’’

‘‘नाही.’’

‘‘अगं, मी तिची आई आहे.’’

‘‘माहीत आहे,’’ आल्माझ म्हणाली. ‘‘उद्या कर फोन.’’ आणि तिने फोन बंद केला.

माझ्याच लेकीशी मला बोलू न देणारी बाई! रडूही आलं आणि हसूही, आणि कितीतरी महिन्यांनी जीव भांड्यात पडला.

‘‘काय म्हणाली गौरी?’’ ह्यांनी विचारलं.

‘‘बोलूच दिलं नाही,’’ मी म्हणाले. ‘‘तुम्ही एक करा. हॉलमधल्या त्या दोन बॅगा आता माळ्यावर टाका. पुन्हा जायला लागेल म्हणून मी बाहेरच ठेवल्या होत्या.’’